रुग्ण कल्याण समिती : रुग्णसहभागाची चिकित्सा

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून शासकीय रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्यांना चालना दिली. नावात रुग्ण असला, तरी रचनेत अधिकारी व लोकप्रतिनिधी यांचेच प्राबल्य राहिले. याउलट, २००७ मध्ये महाराष्ट्रातील ५ जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेख प्रक्रियेत गावकऱ्यांनीच सेवेची गुणपत्रके भरली व जनसुनवाईत उत्तरे मागितली. वेळापूरसारख्या ग्रामीण भागात समिती घडविताना हा भेद मार्गदर्शक ठरावा. उपचार घेतलेल्यांना, विशेषतः स्त्रिया व शेतमजुरांना, तीत मताधिकारासह स्थान हवे. बैठकांची संख्या व निधीचा विनियोग हे मूल्यमापनाचे अपुरे निकष होत. रुग्णांच्या किती सूचनांवर निर्णय झाला आणि तो त्यांना कळविला गेला काय, हीच खरी कसोटी होय.