'आजोबा' पुन्हा पाहताना : बिबट्याचं घर नक्की कुठे?

सुजय डहाके यांचा 'आजोबा' (2014) तुम्ही पाहिला असेलच. नसेल तर जरूर पाहा, फक्त वरचा प्रश्न सोबत ठेवा.

मूळ घटना खरी आहे. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर काढलं, जीपीएस कॉलर लावली आणि माळशेज घाटात सोडलं. तिथून सुमारे 120 किलोमीटर चालत, महामार्ग आणि खाडी ओलांडत, तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. उर्मिला मातोंडकर यांची भूमिका ज्यांच्यावर बेतली, त्या विद्या अत्रेय यांचं हे काम.

चित्रपटाने बिबट्याला खलनायक केलं नाही, हे त्याचं मोठं यश. पण सगळी गोष्ट प्रवासाभोवती फिरते. त्यामुळे पाहून आलेले लोक मला म्हणतात, "बरं झालं, शेवटी जंगलात, आपल्या घरी गेला!" इथेच माझी तक्रार आहे.

अत्रेय यांचंच अकोले तालुक्यातलं संशोधन बघा. दर चौरस किलोमीटरला 300 हून जास्त माणसं राहतात अशा शेतीच्या भागात, कॅमेरा ट्रॅपच्या आधारे, 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा. म्हणजे काय, तर हे बिबटे वाट चुकलेले नाहीत. ते उसात राहतात, तिथेच पिल्लं वाढवतात.

हा फक्त शब्दांचा वाद नाही. 'घर म्हणजे जंगल' मानलं की उपाय एकच सुचतो : पकडा आणि लांब सोडा. जुन्नर भागात तेच झालं. 1993 ते 2001 मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर, 2001 ते 2003 मध्ये, ही सरासरी 17 वर गेली.

ज्या घरातलं मूल गेलं, त्यांना हे आकडे सांगून समाधान होणार नाही, हे मान्य. पण पिंजऱ्याची मागणी करताना ते डोळ्यांआड करूनही चालणार नाही. रात्री बंदिस्त गोठा, अंधारात मुलांना एकटं न सोडणं, वस्तीजवळचा कचरा आणि मोकाट कुत्री कमी करणं, ही कामं कंटाळवाणी आहेत. त्यांच्यावर चित्रपट निघणार नाही. जीव मात्र त्यांनीच वाचतील.