कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर करणारे रेण्वीय धातू-उत्प्रेरक : आवर्तनसंख्येचे मोजमाप व त्याच्या मर्यादा

फैजपूरपासून जवळच, भुसावळ तालुक्यातील दीपनगर येथे औष्णिक विद्युत केंद्राचे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशावरील विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास असा एक संच पूर्ण क्षमतेने चालताना तासाला ४५० टन वायू सोडतो. या वायूपासून उपयुक्त रसायने निर्माण करण्याच्या संशोधनात रेण्वीय धातू-उत्प्रेरकांना मानाचे स्थान लाभले आहे. त्यांच्या यशाचे मोजमाप मात्र एकांगी राहिले आहे.

धातूचा अणू व त्याभोवती नेमकेपणाने बांधलेले लिगंड असे या उत्प्रेरकांचे स्वरूप असते. १९८४ मध्ये लेन व सहकाऱ्यांनी ऱ्हेनियमच्या संयुगाद्वारे विद्युत-रासायनिक मार्गाने कार्बन मोनॉक्साइड मिळविला. १९९४ मध्ये जेसप, इकारिया व नोयोरी यांनी रुथेनियम-फॉस्फिन संयुगे वापरून फॉर्मिक आम्ल तयार केले. २००९ मध्ये नोझाकी यांच्या गटाने इरिडियम संयुगासाठी ३५ लाख इतकी आवर्तनसंख्या नोंदविली. म्हणजे उत्प्रेरकाच्या एका रेणूमागे उत्पादनाचे ३५ लाख रेणू. हा आकडा निःसंशय थक्क करणारा आहे. परंतु ती अभिक्रिया पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात घडते व हाती येते ते पोटॅशियम फॉर्मेट. फॉर्मेटच्या प्रत्येक रेणूमागे अल्कलीचा एक रेणू खर्ची पडतो. आम्ल मुक्त करावयाचे तर दुसरे आम्ल घालावे लागते आणि क्षार मागे उरतो. शिवाय ही अल्कली पोटॅशियम क्लोराइडच्या विद्युत-अपघटनानेच तयार होते. आवर्तनसंख्येत यातील कशाचीही नोंद नसते. जमाखर्चाच्या वहीत केवळ जमेचे पान दाखवावे, तसाच हा प्रकार होय.

हायड्रोजनचा प्रश्न याहून मूलभूत आहे. मिथेनॉलसाठी कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूस हायड्रोजनचे तीन रेणू लागतात. दीपनगरच्या एका संचातून तासाभरात निघणाऱ्या ४५० टन वायूसाठी हे प्रमाण सुमारे ६१ टन भरते. पाण्याच्या विद्युत-अपघटनाने एक किलो हायड्रोजन मिळविण्यास किमान ५० युनिट वीज धरली, तरी एकूण मागणी ३० लाख युनिटची होते. तो संच त्या तासात ५ लाख युनिट निर्माण करतो. सौर वीज वापरली तरी मागणीचा आकडा तोच राहतो. उत्प्रेरक सक्रियण ऊर्जा कमी करतो, अभिक्रियेतील ऊर्जेचा फरक नव्हे, हे पदवीच्या वर्गात शिकविले जाते. शोधनिबंधांच्या प्रस्तावनांत त्याचा विसर पडतो.

याचा अर्थ हे संशोधन निष्फळ आहे असा नव्हे. सावेआं व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लोहाच्या पोर्फिरिनवर फिनॉल गट बसवून धातूजवळच प्रोटॉनचा पुरवठा वाढविला. स्वस्त धातूकडून मौल्यवान धातूचे काम करून घेण्याची ही दृष्टी कोणत्याही आवर्तनसंख्येपेक्षा मोलाची आहे. इपॉक्साइडपासून चक्रीय कार्बोनेट बनविताना हायड्रोजन लागतच नाही, कारण ताणलेले वलय ऊर्जा पुरविते. अर्थात ते इपॉक्साइड बहुधा खनिज तेलातून येते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील भालचंद्र भानगे व मासाहिको अराई यांनी कार्बन डायऑक्साइडच्या रूपांतरावर संपादित केलेला ग्रंथ (२०१४) या क्षेत्राच्या अभ्यासकांना उपयुक्त आहे.

बहुतेक प्रयोग सिलिंडरमधील शुद्ध वायूवर होतात. चिमणीतील वायूत ऑक्सिजन व सल्फर डायऑक्साइडही असतात, आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात अनेक फॉस्फिन लिगंडांचे ऑक्सिडीकरण होते. अशा मिश्रणात उत्प्रेरक किती तास टिकतो, याची नोंद महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येण्याजोगी आहे. त्यासाठी इरिडियमची गरज नाही.