महामंदिराच्या भिंतीवरील बेडूक

८ डिसेंबर २०१५ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये करुणेच्या ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. त्याच रात्री संत पेत्राच्या महामंदिराच्या दर्शनी भिंतीवर व घुमटावर सिंह, पक्षी, मासे आणि फुलपाखरे प्रकाशचित्रांच्या रूपाने अवतरली. ‘फियात लुक्स’, म्हणजे ‘प्रकाश होवो’, हे त्या प्रयोगाचे नाव. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा आशय चित्ररूपाने मांडावा आणि पॅरिस येथे तेव्हा भरलेल्या हवामान परिषदेला साद घालावी, हा त्यामागील हेतू होता. सेबास्तिआव सालगादो, जोएल सारतोरी आदी नामवंत छायाचित्रकारांच्या कृती त्यात होत्या.

अनेक भाविकांना हा प्रयोग रुचला नाही. मरिया मातेच्या सणी मंदिराच्या भिंतीवर श्वापदे कशासाठी, जागतिक बँकेसारख्या संस्थांचे साहाय्य कशासाठी, असे आक्षेप घेतले गेले. ते श्रद्धेच्या कळकळीतून आले होते. म्हणून त्यांची थट्टा न करता त्यांना उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पशुपक्षी मंदिरात नवे नाहीत. याच महामंदिरात संत मार्कजवळ सिंह आहे, पवित्र आत्म्याच्या गवाक्षात कबुतर आहे आणि बर्निनीने वेदीवर उभारलेल्या छत्रावर मधमाश्याही आहेत. परंतु यांपैकी कोणीही स्वतःसाठी तेथे आलेले नाही. सिंह सुवार्तिकाची खूण आहे, कबुतर पवित्र आत्म्याची. मधमाशी तर पोप आठवे अर्बन यांच्या बार्बेरिनी घराण्याचे केवळ कुलचिन्ह! त्या रात्रीचे नावीन्य नेमके येथे होते. प्राणी कशाचेही प्रतीक म्हणून न येता प्राणी म्हणूनच मंदिराच्या भिंतीवर आला.

त्यांत एक बेडूक होता. पनामाच्या अरण्यातील ही वृक्षबेडकाची जात शास्त्रज्ञांनी २००८ साली नव्याने नोंदविली. पण तोवर बुरशीजन्य रोगाने तेथील बेडकांचा संहार आरंभला होता. अटलांटा येथील वनस्पती उद्यानात जपलेला ‘टफी’ नावाचा नर हा त्या जातीचा अखेरचा ज्ञात जीव. त्याची हाक २०१४ साली ध्वनिमुद्रित झाली. ती मादीसाठी होती. पण उत्तर देणारी मादी कोठेही असल्याचे ज्ञात नव्हते. सारतोरी यांनी त्याचे छायाचित्र टिपले. आपल्या ‘फोटो आर्क’ या चित्रमालेत, नोहाच्या तारवाचेच नाव घेऊन, त्यांनी १२,००० हून अधिक जातींची छायाचित्रे जमविली आहेत. मागे निव्वळ काळा वा पांढरा पडदा असतो. रान नाही, आकाश नाही. त्यामुळे उंदीर आणि हत्ती एकाच मापाचे दिसतात. लहानाला मोठ्याची प्रतिष्ठा देणारी ही रीत आम्हांस शुभवर्तमानाच्या जवळची वाटते.

प्रत्येक जीव केवळ आपल्या असण्याने देवाचे गौरव करतो आणि आपल्यामुळे नष्ट झालेल्या जाती ते यापुढे करू शकणार नाहीत, असे ‘लाउदातो सी’ सांगते. सरपटणाऱ्या जीवांनाही स्तुतीसाठी हाक देणारे स्तोत्र आपण प्रार्थनेत म्हणतोच. मग तो बेडूक मंदिराच्या भिंतीवर परका कसा? पाखंडाचा आरोप आम्हांस मान्य नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो कलेविषयीचा आहे. या सोहळ्याचे चित्रण पाहताना डोळे दिपतात, पण मन कोठेच थांबत नाही. प्रतिमा एकीमागून एक सरकत जातात. भव्य भिंत सिंहाला शोभते. बेडकाला ती गिळून टाकते. सारतोरींच्या छायाचित्रात जो एकांत आहे, तोच येथे हरवला. आपल्या परंपरेत पवित्र चित्रासमोर गुडघे टेकले जातात, मेणबत्ती लावली जाते, तेथे वेळ द्यावा लागतो. येथे प्रेक्षकाकडून मागितले गेले ते केवळ आश्चर्य. पश्चात्तापाला उसंत लागते; ती रोषणाईने दिली नाही. २६ सप्टेंबर २०१६ रोजी टफी मरण पावला. त्या रात्री चौकात टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांना ते कळले असेल?

संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे बैल व गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. तो साधा होता, म्हणूनच टिकला. आमच्या धर्मग्रामांतही नाताळचा गोठा कित्येक दिवस राहतो आणि मुले त्याच्यापुढे रेंगाळतात. महाराष्ट्राच्या माळरानांवरून जवळजवळ नाहीसा झालेला माळढोक त्या गोठ्याशेजारी एका साध्या चित्रात, नावानिशी, आगमनकाळभर उभा राहिला, तर रोममधील त्या रात्रीने जे सुरू केले ते पुढे जाईल. प्रकाश तेथे झाला. पाहत राहण्याचे काम आपल्याकडे उरले आहे.