वारसा मागायला पाठवलेला मुलगा

आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात एक अवाढव्य बुद्ध उभा आहे. समोर यशोधरा आणि राहुल, त्याच्यापुढे अगदीच चिमुकले. ‘आकार म्हणजे महानता’ एवढं सांगून गाईड पुढे सरकतात. मला हे वाचन अर्धवट वाटतं.

कथा अशी की, बुद्ध कपिलवस्तूला येतो तेव्हा यशोधरा मुलाला म्हणते, जा, वडिलांकडे वारसा माग. राहुल मागतो. बुद्ध त्याला प्रव्रज्या देतो. म्हणजे आईच्या हातून मुलगाच जातो! पुढे आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलाला संघात घ्यायचं नाही, असा नियम झाला. पण तो आजोबा शुद्धोदनाच्या विनंतीवरून. यशोधरा तिथे काही बोलत नाही.

पाचव्या शतकातल्या चित्रकाराने मात्र तिला जागा दिली. तिचा हात मुलावर आहे. पुढे सारणारा की धरून ठेवणारा? मी बराच वेळ पाहिलं, ठरवता आलं नाही. आणि आपणही बुद्धाकडे तिच्याच उंचीवरून, मान वर करून पाहत असतो.

अजिंठा १९८३ पासून ‘जागतिक वारसा’ आहे. आत गेलात तर मोबाइल खिशात ठेवा, फ्लॅश तसाही चालत नाही. अंधाराला डोळे सरावले की आधी यशोधरेकडे बघा.