हास्य आणि भयानक : एका डच चित्रपटाच्या निमित्ताने

परस्परविरोधी मानल्या गेलेल्या रसांचा एकाच कलाकृतीत मेळ बसू शकतो काय, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. हास्य हा भयानकाचा आणि करुणाचा विरोधी, असे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त नोंदविले आहे, आणि असा विरोध टाळण्याचे उपाय आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात त्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले आहेत. आलेक्स व्हान वार्मरडाम या डच दिग्दर्शकाचा ‘श्नायडर विरुद्ध बाक्स’ (२०१५) हा चित्रपट पाहताना या विवेचनाचे स्मरण होते. गुन्हेकथा, प्रहसन आणि कौटुंबिक नाट्य यांची येथे सरमिसळ आहे. ही सरमिसळ निव्वळ रुचिपालट आहे, की तिच्यामागे काही आंतरिक नियम आहे, याचा निर्णय महत्त्वाचा आहे. कारण असा नियम नसेल, तर मनुष्यवध पाहून हसणारा प्रेक्षक केवळ निर्दय ठरतो.

व्हान वार्मरडाम यांचा जन्म १९५२ साली हार्लेम येथे झाला. ‘हाउझर ओर्काटर’ या नाट्यसंगीतमंडळीतून ते पुढे आले आणि ‘आबेल’ (१९८६) या चित्रपटाने दिग्दर्शक म्हणून त्यांचा प्रारंभ झाला. त्यांचा ‘बोर्गमान’ २०१३ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. प्रस्तुत चित्रपट २०१५ साली लोकार्नोच्या स्पर्धेत होता. लेखन व दिग्दर्शन त्यांचेच असून बाक्सची भूमिकाही त्यांनीच केली आहे.

कथानक वरवर साधे आहे. श्नायडर हा भाडोत्री मारेकरी आहे. त्याचबरोबर तो पत्नी व मुली असलेला गृहस्थही आहे. त्याच्या वाढदिवशी सकाळी मेर्टेन्स नावाच्या मध्यस्थाचा दूरध्वनी येतो : तळ्याकाठी एकाकी राहणाऱ्या रामोन बाक्स या लेखकाला आजच ठार करायचे आहे. संध्याकाळी घरी पाहुणे जेवायला यायचे असल्याने श्नायडर प्रथम नकार देतो आणि मग काम पत्करतो. इकडे बाक्सही मेर्टेन्सचाच मारेकरी निघतो आणि श्नायडरला मारण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविलेली असते. शीर्षकातील ‘विरुद्ध’ हा शब्द म्हणूनच उपरोधपूर्ण वाटतो. या दोघांत वैर असे काहीच नाही. एकाच धन्याचे दोन चाकर परस्परांवर घातलेले आहेत, इतकेच.

या कथेत हास्य कोठून निर्माण होते? भरताने हास्याचे विभाव म्हणून विकृत वेष, धार्ष्ट्य, असंबद्ध भाषण इत्यादी गोष्टी सांगितल्या. या चित्रपटाचा भर त्यांपैकी कशावरच नाही. पात्रे विनोद करीत नाहीत, आणि आपण हास्यास्पद आहोत याची त्यांना जाणीवही नाही. अभिनवगुप्ताचे विवेचन येथे अधिक उपयोगी पडते. हास्याचे मूळ अनौचित्यात आहे, आणि कोणताही रस अनुचित स्थळी प्रवृत्त झाला की तो हास्याचा विभाव होतो, असा त्याचा आशय आहे. श्नायडरच्या ठिकाणी जो उत्साह दिसतो तो कर्तव्यदक्ष कारकुनाचा उत्साह आहे : काम वेळेत उरकावे, अडचण आली तर निवारावी, संध्याकाळी घरी असावे. अधम पात्राच्या ठिकाणचा किंवा निषिद्ध वधाविषयीचा उत्साह हा वीराचा आभास होय, असे विश्वनाथ म्हणतो. येथे वीराचा तसा आभासच आहे आणि त्यातूनच हसू फुटते. म्हणजे गुन्ह्याला वरून विनोदाची फोडणी दिलेली नाही. ज्या कार्यतत्परतेमुळे वध घडतो, तीच कार्यतत्परता हास्यास्पद आहे. भय आणि हास्य यांचा उगम येथे एकच आहे, आणि प्रकारांच्या या मिश्रणाचा आंतरिक नियमही हाच.

दृश्यरचना या नियमाला पूरक आहे. गुन्हेपट सामान्यतः नगरीचा, रात्रीचा आणि छायांचा आश्रय घेतो. डिक मास यांच्या ‘आम्स्टरडॅम्ड’ (१९८८) या डच चित्रपटातही खुनी माणूस शहरातील कालव्यांच्या गढूळ पाण्यातून वर येतो. व्हान वार्मरडाम यांनी मात्र भरदिवसाचा प्रकाश, सपाट पाणथळ भूमी आणि पांढरे घर निवडले आहे. दडायला जागा आहे ती केवळ बोरूच्या रानात. जेथे सर्व काही स्वच्छ दिसते तेथे भयाला गूढतेचा आधार उरत नाही. उरते ती कृती, आणि कृती जितकी स्पष्ट दिसते तितकी तिची विसंगतीही उघडी पडते.

तथापि या पद्धतीची खरी कसोटी करुणाशी गाठ पडते तेव्हा लागते. त्याच दिवशी बाक्सची खिन्न मुलगी फ्रान्सिस्का त्याच्याकडे येते. पाठोपाठ त्याचा लंपट वृद्ध पिताही येतो. फ्रान्सिस्काच्या वाट्याला येणारे भय कोणत्याही मेर्टेन्सने धाडलेले नाही. ते तिच्या कुळातलेच आहे. मारिया क्राकमान यांनी ही भूमिका विनोदाचा लवलेश न ठेवता केली आहे, आणि तिच्या प्रसंगांत प्रेक्षकाचे हसू अडखळते. मारेकऱ्यांची दक्षता हास्यास्पद असू शकते, पण तिची असहायता तशी नाही. विरोधी रसांचे आश्रय भिन्न ठेवावेत, हा आनंदवर्धनाने सांगितलेला उपाय येथे जणू अभावितपणे पाळला गेला आहे, आणि त्यामुळेच चित्रपट निर्दयतेच्या आरोपातून सुटतो.

मात्र हा विवेक सर्वत्र टिकत नाही. बाक्स ज्या तरुण मैत्रिणीला घाईने घराबाहेर काढतो ती नादिन किंवा श्नायडरच्या मार्गात येणारी गिना यांना फ्रान्सिस्काइतकी स्वतंत्र सत्ता लाभलेली नाही. त्या प्रामुख्याने कथानकाची चाके फिरविण्यासाठी येतात, आणि त्यांच्यावर ओढवणाऱ्या संकटात हास्याचा आश्रय कोण व करुणाचा कोण, हे दिग्दर्शकाने पुरेसे वेगळे राखलेले नाही. तेथे हसणे नुसते सोपे होते.

मिश्र प्रकारच्या चित्रपटांची चर्चा बहुधा कोणता प्रकार किती प्रमाणात आला आहे, या मोजमापापाशी थांबते. प्रस्तुत चित्रपटावरून असे म्हणता येईल की, त्या प्रकारांचे मूळ एक आहे काय आणि त्यांचे आश्रय भिन्न राखले आहेत काय, हे दोन प्रश्न त्याआधी विचारले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर हा चित्रपट निःसंदिग्धपणे देतो, दुसऱ्याचे, फ्रान्सिस्कापुरते.