कुजण्याचे कुलीनपण

आस्वादक समीक्षेची मर्यादा पाहायची असेल तर फ्रान्समधील सोतेर्नच्या जुन्या गोड वाइनवरची आस्वादटिपणे वाचावीत, असे मी म्हणतो. बाटलीत वीस-तीस वर्षे मुरल्यावर तिचा सोनेरी रंग तांबूस होतो. मध, जर्दाळू, केशर, संत्र्याच्या सालीचा मुरंबा असे गंध टिपणकार नोंदवतो. गोडीला आंबटपणा तोलून धरतो, हेही सांगतो. त्याची जीभ खोटी नाही. ती कुठे थांबते, हा प्रश्न आहे.

सिरों नदीचे गार पाणी गारोनला मिळते तिथे शरदात धुके दाटते. त्या ओलीत द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी धरते. दुपारच्या उन्हात मण्यातले पाणी आटते, साखर दाटते. ओल हटली नाही तर हीच बुरशी पीक नासवते. तेव्हा ती करडी कूज. इथे मात्र ‘कुलीन कूज’! कुजण्यालाही कुळ लागते.

सारे मणी एकदम कुजत नाहीत. म्हणून मजूर त्याच वेलीकडे पुन्हापुन्हा येतात आणि नेमके कुजलेले तेवढे निवडतात. शातो दिकेममध्ये एका वेलीमागे जेमतेम पेलाभर वाइन निघते. १८५५ च्या प्रतवारीत ती सोतेर्नमध्ये सर्वांच्या वर बसवली गेली. तिची १८११ ची बाटली २०११ मध्ये ७५ हजार पौंडांना विकली गेली.

टिपणात वर्ष येते, माती येते, मालकाचे घराणे येते. निवडणारा हात बहुधा येत नाही. काय चांगले कुजले आणि काय नुसतेच नासले, हे आधी त्या मजुराने ठरवलेले असते. या वाइनचा पहिला समीक्षक तोच. त्याला वगळणारी रसिकता मी अपुरी मानतो.