कोरं बेळगाव : ‘महाराष्ट्राबाहेरची मराठी’ या रंगीत नकाशाविषयी

मंडळाच्या मागच्या बैठकीत आपल्या एका तरुण सभासदाने पडद्यावर एक नकाशा दाखवला. नाव होतं ‘महाराष्ट्राबाहेरची मराठी’. २०११च्या जनगणनेतले मातृभाषेचे आकडे, जिल्ह्यांच्या सीमांची एक तयार फाइल आणि पायथन भाषेतल्या तीसेक ओळी, एवढ्या भांडवलावर त्याने तो केला होता. मराठी भाषकांचं प्रमाण जास्त तिथे गडद भगवा, कमी तिथे फिका. नकाशा देखणा होता, टाळ्याही पडल्या. मग निपाणीकडचे एक ज्येष्ठ सभासद चष्मा सारखा करत पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “अरे बाळा, आमच्या बेळगावला रंगच नाही की! आम्ही सगळे गेलो कुठं?”

खरंच, बेळगाव जिल्हा कोरा होता. हशा पिकला, पोरगा ओशाळला, “बघतो काका,” म्हणाला आणि तेवढ्यात चहा आला. पण हा नकाशा आपल्या संकेतस्थळावर घ्यायचं घाटतं आहे. म्हणून मी त्याच्याकडून त्या तीस ओळी मागून घेतल्या आणि दोन रविवार त्यांवर घालवले. जे दिसलं ते इथे मांडतो. टीका नकाशावर आहे, करणाऱ्यावर नाही.

आधी श्रेय द्यायला हवं. त्याने आकडे सरकारी तक्त्यातून घेतले, ऐकीव घेतले नाहीत. आणि आपला कोड लपवला नाही, मागितल्याबरोबर दिला. जुन्या छापील नकाशात कुठला रंग कशावरून दिला हे करणाऱ्यालाच ठाऊक असायचं. इथे प्रत्येक निर्णय ओळीनिशी वाचता येतो. मला जे दोष सापडले ते त्यामुळेच सापडले.

शाळेच्या भूगोलात ‘क्षेत्रघनी नकाशा’ आपण सगळेच शिकलो आहोत. प्रदेशाचे विभाग करायचे, प्रत्येक विभागाचा आकडा घ्यायचा, आकड्यांचे गट पाडायचे आणि गटाप्रमाणे छटा भरायची. पूर्वी हे काम पेन्सिलीने व्हायचं, आता जिओपांडास नावाची पायथनची सामग्री एका आज्ञेत करते. अडचण तिथेच आहे. हाताने रंगवताना प्रत्येक पायरीवर थांबून विचार करावा लागे. आता आपण ठरवलं नाही तर यंत्र स्वतःच ठरवतं, आणि तसं सांगतही नाही.

बेळगाव कोरं का राहिलं ते पाहा. २०११च्या तक्त्यात जिल्ह्याचं इंग्रजी नाव ‘बेलगाम’ आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी ते ‘बेळगावी’ झालं, आणि सीमांची फाइल त्यानंतरची आहे. कोडमध्ये दोन्ही तक्ते नावावरून जोडले आहेत. नाव जुळलं नाही, आकडा रिकामा राहिला, आणि आकडा नसलेला विभाग जिओपांडास आपण वेगळं सांगितल्याशिवाय रंगवतच नाही. बातमी इतकीच. पण पाहणाऱ्याला पांढरा रंग ‘माहिती नाही’ असं सांगत नाही, ‘मराठी नाही’ असं सांगतो. त्याच दिवशी नावं बदललेली विजापूर आणि गुलबर्गाही या नकाशात कोरीच आहेत. तिकडचं कुणी बैठकीत नव्हतं, म्हणून बोललं गेलं नाही.

याहून वाईट चूक बडोद्याची आहे, कारण ती दिसत नाही. ऑगस्ट २०१३मध्ये बडोदा जिल्ह्यातून छोटा उदेपूर वेगळा झाला. बडोद्याचं नाव तेच राहिल्यामुळे तक्ते जुळले आणि रंग भरला गेला. पण आकडा जुन्या मोठ्या जिल्ह्याचा आणि आकार नव्या लहान जिल्ह्याचा. पूर्वेकडचा आदिवासी भाग आकड्याच्या हिशोबात आहे, नकाशाच्या रंगात नाही. बेळगावची चूक निदान काकांनी पकडली. बडोद्याची चूक पाहून पकडता येणारी नाही.

दोन्हींवरचा उपाय साधा आहे. २०११चे आकडे घ्यायचे तर सीमाही २०११च्याच घ्याव्यात. जोडणी नावावरून न करता जनगणनेच्या संकेतांकावरून करावी. बेळगावचा संकेतांक ५५५ आहे, तो नामांतराने बदलत नाही. आणि आकडा नसेल तिथे राखाडी रेघा मारून सूचीत स्वच्छ लिहावं, ‘आकडा उपलब्ध नाही’.

मी एवढी दुरुस्ती करून नकाशा पुन्हा काढला. बेळगावला रंग आला. तरीही समाधान झालं नाही, आणि माझा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो.

जिल्हा हा घटक धरला की बेळगाव एकाच छटेचं होतं. पावणेअठ्ठेचाळीस लाखांवर वस्तीच्या या जिल्ह्यात मराठी भाषक साधारण पाचवा हिस्सा आहेत, म्हणून छटा मध्यम येते. पण अशी सरासरी मराठी जिल्ह्यात कुठेच सापडत नाही. तालुक्यांप्रमाणे रंगवलं तर खानापूर गडद होतो, बेळगाव तालुका त्याच्या खालोखाल, निपाणीच्या बाजूमुळे चिकोडीलाही रंग चढतो, आणि सौंदत्ती, रामदुर्ग अगदी फिके पडतात. आकडे तेच आणि माणसंही तीच. बदललं ते फक्त चौकटीचं माप.

हा प्रश्न आपल्यासाठी तांत्रिक नाही, मंडळी. सीमाभागाचा सगळा वाद याच मापाचा आहे. १९४६ला बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६च्या पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाराष्ट्राने आग्रह धरला तो ‘खेडे हा घटक’ या तत्त्वाचा. आंध्र-मद्रास सीमेसाठी पाटसकरांनी तेच तत्त्व वापरलं होतं. महाजन आयोगाने १९६७च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला सुचवली, बेळगाव शहर मात्र म्हैसूरमध्येच ठेवलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, आणि २००४पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. जिल्हा धरायचा, तालुका धरायचा की गाव, यावर दोन पिढ्या भांडल्या, तुरुंगात गेल्या. आणि आपल्याच मंडळाच्या नकाशात तो निर्णय झाला कसा? जिल्ह्यांची फाइल आधी सापडली म्हणून.

याचा अर्थ तालुक्यांचा नकाशा ‘आपल्या बाजूचा’ आहे म्हणून घ्यावा, असा नाही. तो जिल्ह्याचा बराच मोठा भाग कन्नड आहे हेही तितक्याच स्पष्टपणे दाखवतो, आणि दाखवलं पाहिजे. शिवाय त्याचीही लबाडी आहे. खानापूर तालुका विस्ताराने मोठा, पण त्यातला बराच भाग सह्याद्रीचं जंगल. गडद रंग जंगलावरही पसरतो. उलट बेळगाव शहरातली दाट वस्ती लहानशा जागेत मावते. क्षेत्रघनी नकाशात रंग जमिनीला मिळतो, माणसांना नाही.

हीच गोष्ट इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकरांनी जास्त लक्षात घ्यावी. हैदराबाद जिल्हा २१७ चौरस किलोमीटरचा, बेळगाव १३,४१५चा. देशाच्या नकाशावर हैदराबाद टाचणीच्या डोक्याएवढं दिसतं; तिथली मराठी वस्ती कुणाच्या नजरेत भरणार? मध्य प्रदेशात छटा चढते ती सातपुड्याच्या पट्ट्यात, बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट या महाराष्ट्राला लागून असलेल्या जिल्ह्यांत. होळकरांचं इंदूर आणि शिंद्यांचं ग्वाल्हेर त्या मानाने फिकं राहतं, कारण तिथली मराठी माणसं मोठ्या शहराच्या गर्दीत विरलेली आहेत. सीमेलगतची मराठी आणि संस्थानांबरोबर गेलेली मराठी हे दोन वेगळे इतिहास आहेत. एका रंगपट्टीत बसवले की दुसरा पुसला जातो.

टक्केवारीचंही तसंच. २०११च्या आकड्यांप्रमाणे गोव्यात मराठी भाषक सुमारे १ लाख ५९ हजार, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख ३१ हजार, पण टक्के फक्त १.७. गुजरातेत ९ लाख २० हजार, टक्के दीड. कर्नाटकात २० लाख ६५ हजार, टक्के ३.४. टक्क्यांनी रंगवलं तर या चौघांत गोवा सगळ्यांत गडद, माणसं मोजली तर सगळ्यांत मागे. टक्केवारी वापरली ही चूक नव्हे; वेगवेगळ्या आकाराच्या विभागांना छटा द्यायची तर प्रमाणच घ्यावं लागतं. पण शेजारी माणसांचा आकडा वर्तुळांनी दाखवणारा दुसरा नकाशा नसेल, तर वाचक अर्धीच गोष्ट घेऊन घरी जातो.

आता गट पाडण्याविषयी, कारण टाळ्या मिळाल्या त्या त्यामुळे. कोडमध्ये ‘क्वान्टाइल्स’ पद्धत आणि पाच गट निवडले आहेत, म्हणजे प्रत्येक रंगात जिल्ह्यांची संख्या सारखी. २०११ला देशात ६४० जिल्हे होते, महाराष्ट्राचे ३५ वगळून ६०५ उरतात. सर्वांत गडद रंग त्यांतल्या सुमारे १२० जिल्ह्यांना मिळतोच मिळतो, मग तिथे मराठी असो-नसो. एक टक्कासुद्धा मराठी नसलेले कितीतरी जिल्हे त्या रंगात जाऊन बसले आहेत. दुरुस्तीनंतर बेळगावही त्याच रंगात. पाचवा हिस्सा आणि अर्धा टक्का एकाच भगव्यात! उलट रंग सरळ प्रमाणात ताणला तर सीमेवरचे मोजके जिल्हे उठून दिसतात आणि बाकी देश कोरा. पहिला नकाशा आपल्याला गोंजारतो, दुसरा रडवतो. माझ्या मते सीमा हाताने ठरवाव्यात, उदाहरणार्थ अर्धा, एक, पाच, दहा आणि पंधरा टक्के, आणि त्या का घेतल्या हे खाली लिहावं.

भगव्या रंगाबद्दलही एक शब्द. बेळगावात भगवा हा नुसता रंग नाही, ती एक बाजू आहे, जसा तिकडे लाल-पिवळा. संशोधनाच्या नकाशावर तो घातला की वाचणारा आकडे बघण्याआधीच बाजू घेतो. निळा किंवा करडा घेतला तर बिघडत काही नाही. हे नवं नाही. १८२६ साली शार्ल द्युपँ यांनी फ्रान्समधलं शालेय शिक्षणाचं प्रमाण जिल्हावार काळ्या-पांढऱ्या छटांत दाखवलं, आणि लोक ‘उजेडातला फ्रान्स’ आणि ‘अंधारातला फ्रान्स’ असं बोलू लागले. या प्रकारच्या पहिल्याच नकाशाने छटेचा निवाडा करून टाकला होता.

तर नकाशा संकेतस्थळावर घ्यावा का? घ्यावा, पण एकटा नाही. जिल्ह्यांचा, तालुक्यांचा आणि माणसांच्या संख्येचा, असे तीन शेजारी ठेवावेत. खाली आकड्यांचं वर्ष, सीमांचं वर्ष, घटक आणि गटांच्या सीमा छापाव्यात. कोडही सोबत द्यावा.

आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर तेही पूर्ण देता येत नाही हे लिहावं. २०११ला निपाणी स्वतंत्र तालुका नव्हता, चिकोडीत होता. गावनिहाय मातृभाषेचे आकडे त्या तक्त्यात नाहीत. म्हणजे सगळी दुरुस्ती केली तरी निपाणी चिकोडीच्याच रंगात राहील. “काका, तुम्ही या रंगात आहात, पण वेगळे दिसत नाही,” एवढंच आपण प्रामाणिकपणे म्हणू शकतो. तेवढं वाक्य नकाशाखाली आलं, तर तो आपल्या मंडळाचा नकाशा म्हणायला माझी हरकत नाही.